विश्लेषण: नेटवर्कवर पहारा देणाऱ्या सर्व्हरवर प्रिंटरची सेवा कशाला हवी?

सप्टेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींची झोप उडवणारी एक चर्चा सोशल मीडियावर रंगली होती. सिमोने मार्गारितेल्ली या इटालियन सुरक्षा संशोधकाने लिनक्समध्ये अतिशय गंभीर दोष सापडल्याचं सूचित केलं होतं. दोष नेमका कुठे आहे, याबद्दल तर्कवितर्क सुरू होते.

२६ सप्टेंबरला तपशील बाहेर आला आणि अनेकांना आश्चर्य वाटलं. दोष लिनक्सच्या गाभ्यात नव्हता. तो होता 'कप्स' या छपाई यंत्रणेत, आणि तिथेही 'कप्स-ब्राउज्ड' नावाच्या एका छोट्या सेवेत. तिचं काम एवढंच, की नेटवर्कवर कुठे प्रिंटर आहे का ते शोधायचं.

त्यानंतर एक साधा प्रश्न पुढे आला. ज्या सर्व्हरवरून कधीच कुणी एक पानही छापणार नाही, तिथे प्रिंटर शोधणारी सेवा चालूच का होती? आणि तो सर्व्हर अख्ख्या संस्थेच्या नेटवर्कवर पहारा देणारा असेल तर?

कप्सच्या प्रकरणात नेमकं काय होतं?

कप्स-ब्राउज्ड ही सेवा ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर कान लावून बसते. 'मी प्रिंटर आहे, माझा पत्ता अमुक' असा छोटासा संदेश कुणी पाठवला, की ती त्या पत्त्यावर जाऊन माहिती घेते. संदेश पाठवणारा खरंच प्रिंटर आहे की हल्लेखोर, याची पुरेशी खातरजमा ती करत नव्हती.

त्यामुळे हल्लेखोराला एक खोटा प्रिंटर यादीत घुसवता येत होता. पुढे कुणी त्या खोट्या प्रिंटरवर छपाईचा हुकूम सोडला, की हल्लेखोराची आज्ञा त्या संगणकावर चालायची.

इथे अनेकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. सर्व्हरवरून कुणी छापतच नाही, मग धोका कसला? पण काही दिवसांतच अकामाई या कंपनीच्या संशोधकांनी दुसरी बाजू दाखवली. याच सेवेला एक संदेश पाठवून तिला तिसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवर विनंत्यांचा मारा करायला लावता येत होतं. त्यासाठी कुणी काही छापण्याची गरज नव्हती. अशा प्रकारे वापरता येतील असे ५८ हजारांहून अधिक संगणक इंटरनेटवर उघडे असल्याचं त्यांनी सांगितलं.

थोडक्यात, 'ती सेवा आम्ही वापरत नाही' याचा अर्थ 'ती सेवा आम्हाला त्रास देऊ शकत नाही' असा होत नाही. लिनक्सच्या काही आवृत्त्यांमध्ये ही सेवा आपोआप सुरू होती, काहींमध्ये नव्हती. जिथे ती बंद होती किंवा मुळात बसवलेलीच नव्हती, तिथल्या कर्मचाऱ्यांना त्या रात्री धावपळ करावी लागली नाही.

पहारा देणारा सर्व्हर म्हणजे काय?

मोठी कंपनी, बँक, रुग्णालय किंवा विद्यापीठ यांच्या नेटवर्कवरून सतत माहिती ये-जा करत असते. त्या वाहतुकीत काही संशयास्पद दिसतंय का, हे पाहण्यासाठी एक वेगळा सर्व्हर ठेवला जातो. याला नेटवर्क सिक्युरिटी मॉनिटरिंग सर्व्हर म्हणतात. त्यावर सुरिकाटा, झीक किंवा ही साधनं एकत्र बांधून देणारं सिक्युरिटी ओनियन असं सॉफ्टवेअर चालतं.

नेटवर्कमधल्या स्विचला सांगून सगळ्या वाहतुकीची एक प्रत या सर्व्हरकडे वळवली जाते. याला पोर्ट मिररिंग म्हणतात. सर्व्हर ती प्रत वाचतो, नोंदी ठेवतो आणि काही खटकलं तर इशारा देतो.

आजकाल बहुतेक मजकूर कूटबद्ध असतो, त्यामुळे ईमेलमध्ये काय लिहिलंय हे या सर्व्हरला सहसा दिसत नाही. पण कोणता संगणक कुणाशी, कधी आणि किती वेळ बोलला हे दिसतं. शिवाय आतल्या नेटवर्कचा अख्खा नकाशाच त्याच्याकडे असतो.

म्हणूनच हल्लेखोरासाठी हा सर्व्हर दुहेरी फायद्याचा असतो. तो हाती लागला तर घरातल्या सगळ्या खोल्या दिसतात, आणि चोरीच्या नोंदीही पुसता येतात. सोसायटीच्या वॉचमनकडेच सगळ्या किल्ल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही असावी, तसं हे आहे.

मग 'सेवा' धोकादायक का ठरते?

संगणकावर मागे चालू राहणाऱ्या प्रोग्रॅमला सर्व्हिस किंवा सेवा म्हणतात. त्यातल्या बऱ्याच सेवा एखाद्या पोर्टवर बाहेरून येणाऱ्या संदेशाची वाट पाहत असतात. अशी प्रत्येक सेवा म्हणजे इमारतीचं आणखी एक दार. दार आहे म्हणजे कुलूप हवं, कुलपाची देखभाल हवी आणि ते कुणी फोडतंय का यावर लक्षही हवं.

नव्या सर्व्हरवर लिनक्स बसवताना सगळ्या सोयी असलेला पर्याय निवडला, तर डेस्कटॉप, छपाई, ब्लूटूथ, शेजारची उपकरणं शोधणारी 'अवाही', मोबाइल मोडेम हाताळणारी सेवा, फाइल शेअरिंगसाठी लागणारी 'आरपीसीबाइंड' असं बरंच काही त्याच्यासोबत येऊ शकतं. घरच्या लॅपटॉपवर यातल्या बऱ्याच गोष्टी उपयोगी आहेत. सर्व्हर रूममधल्या रॅकमध्ये बसलेल्या, पडदा आणि कीबोर्डही नसलेल्या यंत्रावर त्यांचं काहीच काम नाही.

जुन्या सेवेची किंमत: वॉनाक्राय आणि नॉटपेट्या

नको असलेली सेवा किती महागात पडू शकते, याचं सर्वांत मोठं उदाहरण २०१७ सालचं आहे. विंडोजमध्ये फाइल शेअर करण्यासाठी 'एसएमबी' ही पद्धत वापरली जाते. तिची पहिली आवृत्ती १९८० च्या दशकातली. पुढे नव्या आवृत्त्या आल्या, तरी पहिली आवृत्ती जुन्या उपकरणांच्या सोयीसाठी चालूच राहिली.

सप्टेंबर २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच तज्ज्ञांनी ही पहिली आवृत्ती वापरणं थांबवा, असं जाहीरपणे सांगितलं होतं. मार्च २०१७ मध्ये तिच्यातल्या गंभीर दोषावर पॅचही आला. तरीही १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच वाटेने दीडशेच्या आसपास देशांत पसरला. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना त्याचा मोठा फटका बसला.

दीड महिन्याने, २७ जूनला नॉटपेट्या आला. त्याने तोच दोष वापरला आणि जोडीला चोरलेले पासवर्डही वापरले. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचं कामकाज कोलमडलं. त्याची झळ महाराष्ट्रापर्यंत आली. नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क समूह चालवत असलेल्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं आणि कंटेनर अडकून पडले. मर्स्कने आपलं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात असल्याचं सांगितलं.

त्या वर्षाच्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या अपडेटपासून एसएमबीची पहिली आवृत्ती मुळातच बसवली जाणं थांबलं. म्हणजे जे आधी सल्ला म्हणून सांगितलं जात होतं, ते हल्ल्यानंतर कंपनीलाच नियम म्हणून करावं लागलं.

सुरक्षा उपकरणंच लक्ष्य होत आहेत का?

गेल्या काही वर्षांत हाच कल दिसतो आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्कोच्या राउटर आणि स्विचमध्ये चालणाऱ्या आयओएस एक्सई प्रणालीत १० पैकी १० गंभीरतेचा दोष उघड झाला. दोष होता ब्राउझरमधून उपकरण चालवण्यासाठी दिलेल्या वेब पानात. इंटरनेटवरची ४० हजारांच्या आसपास उपकरणं हल्लेखोरांच्या ताब्यात गेल्याचं संशोधकांना आढळलं.

पॅच यायला काही दिवस लागले. तोवर सिस्कोचा सल्ला एकच होता: इंटरनेटकडे तोंड असलेल्या उपकरणांवर ही वेब सेवा बंद करा. ज्यांनी ती आधीपासूनच बंद ठेवली होती, त्यांच्यासाठी हा हल्ला ही फक्त वाचायची बातमी होती.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पालो अल्टो कंपनीच्या फायरवॉलबाबत असाच प्रकार घडला. फायरवॉल सांभाळण्याचं पान इंटरनेटवरून उघडता येत असेल, तर पासवर्डशिवाय आत शिरता येत होतं. ज्यांनी ते पान फक्त आतल्या ठरावीक संगणकांपुरतं मर्यादित ठेवलं होतं, त्यांचा धोका बराच कमी असल्याचं कंपनीने सांगितलं.

अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे सिसाने, जून २०२३ मध्येच आपल्या केंद्रीय खात्यांना याबाबत आदेश दिला होता. राउटर, फायरवॉल यांसारख्या उपकरणांची नियंत्रण पानं इंटरनेटवर उघडी आढळली, तर १४ दिवसांत ती इंटरनेटवरून हटवायची किंवा त्यांच्यासमोर कडक तपासणी उभी करायची, असा तो आदेश होता.

भारतात हा मुद्दा आता महत्त्वाचा का?

२८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने काही निर्देश जारी केले. त्यानुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांच्या आत कळवावी लागते. संगणक प्रणालींच्या नोंदी, म्हणजे लॉग, १८० दिवस सांभाळून ठेवावे लागतात. हे निर्देश सरकारी कार्यालयांपासून खासगी कंपन्यांपर्यंत सगळ्यांना लागू आहेत.

याचा एक परिणाम असा, की ज्या संस्थांकडे पूर्वी लॉग ठेवणारा किंवा पहारा देणारा वेगळा सर्व्हर नव्हता, त्यांनाही तशी व्यवस्था करावी लागते. मोठ्या बँकेकडे त्यासाठी वेगळी टीम असते. छोट्या संस्थेत मात्र तोच माणूस प्रिंटरही दुरुस्त करतो, वायफायही बघतो आणि हा सर्व्हरही बसवतो. तो 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करत बसवला गेला, की सहा महिन्यांचे लॉग आणि नेटवर्कचा नकाशा अशा यंत्रावर जमा होतो, ज्याची निम्मी दारं कुणी तपासलेलीच नाहीत.

काय बंद करायचं आणि काय नाही?

दिसेल ते बंद करत सुटणं हा उपाय नाही. आधी यादी करावी लागते. कोणतं पोर्ट उघडं आहे आणि त्यामागे कोणता प्रोग्रॅम आहे, हे लिनक्समध्ये एका आज्ञेत दिसतं. त्या यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर 'हे कशासाठी लागतं?' याचं उत्तर लिहायचं. उत्तर नसेल, तर ती सेवा संशयित.

साधारणपणे छपाई, ब्लूटूथ, अवाही, मोडेम सेवा आणि डेस्कटॉप यांची मॉनिटरिंग सर्व्हरवर गरज नसते. मेल सर्व्हरचं थोडं वेगळं आहे. इशारे ईमेलने पाठवायचे असतील तर तो लागू शकतो, पण तेव्हाही त्याने बाहेरून मेल स्वीकारण्याचं कारण नाही.

काही सेवांना मात्र हात लावायचा नाही. त्यात पहिला क्रमांक घड्याळ जुळवणाऱ्या सेवेचा. सर्व्हरचं घड्याळ पाच मिनिटं जरी चुकलं, तरी फायरवॉलची नोंद आणि मॉनिटरिंगची नोंद एकमेकांशी जुळत नाही, आणि चौकशीत घटनांचा क्रमच लागत नाही. सर्ट-इनच्या निर्देशांतही एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या घड्याळाशी वेळ जुळवण्याची सूचना आहे.

दुसरी सेवा म्हणजे दुरून सर्व्हर हाताळण्यासाठी लागणारी एसएसएच. ती घाईत बंद केली, तर ती परत सुरू करायला थेट सर्व्हर रूम गाठावी लागते. ती चालू ठेवून फक्त ठरावीक संगणकांनाच प्रवेश देणं हा रास्त मार्ग.

तिसरी गोष्ट नेटवर्क कार्डाची. वाहतुकीची प्रत ऐकणाऱ्या कार्डाला आयपी पत्ताच द्यायचा नसतो. ते फक्त ऐकतं, बोलत नाही. मात्र आयपीव्ही६ सुरू असेल तर कार्ड स्वतःहून एक पत्ता घेतं. तो पर्याय त्या कार्डापुरता आठवणीने बंद करावा लागतो. सर्व्हर सांभाळण्यासाठी दुसरं, वेगळं कार्ड वापरलं जातं.

'बंद केली' म्हणजे नक्की काय केलं?

इथे बरेच जण फसतात. सेवा थांबवली, तर ती तेवढ्यापुरती थांबते आणि सर्व्हर रीस्टार्ट झाला की परत सुरू होते. सेवा 'डिसेबल' केली, तर ती सुरुवातीला आपोआप चालू होत नाही. पण दुसऱ्या एखाद्या सेवेने हाक मारली, तर ती जागी होऊ शकते. 'मास्क' केली, तर हाक मारूनही उठत नाही. आणि पॅकेजच काढून टाकलं, तर उठायला काही शिल्लकच राहत नाही.

ज्याची कधीच गरज लागणार नाही ते काढून टाकणं सर्वांत चांगलं. मोठ्या अपडेटनंतर ही यादी पुन्हा तपासावी लागते, कारण काही वेळा नवं पॅकेज जुन्या सोबत्याला परत घेऊन येतं. आणि प्रत्येक बदलानंतर एक खोटा, निरुपद्रवी इशारा मुद्दाम निर्माण करून तो येतो का हे पाहणं गरजेचं. पहारेकरी झोपला तर तो तसं सांगत नाही, फक्त इशारे येणं थांबतं.

एवढं केलं की सर्व्हर सुरक्षित?

नाही. २००४ मधलं 'विटी' प्रकरण याची मर्यादा दाखवतं. त्या वर्षी मार्चमध्ये आयएसएस या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरमधला दोष जाहीर झाला आणि साधारण दुसऱ्याच दिवशी, आपोआप पसरणाऱ्या विटी या वर्मने त्यावर हल्ला केला. पाऊण तासात सुमारे १२ हजार संगणक बाधित झाले. विटी संगणकाच्या डिस्कवरचा डेटाही हळूहळू खराब करत होता.

गंमत अशी, की तिथे कोणतंही फालतू दार उघडं नव्हतं. आयसीक्यू या चॅट सेवेची वाहतूक वाचून तपासणाऱ्या कोडमध्येच दोष होता. म्हणजे जे काम करायला ते सॉफ्टवेअर बसवलं होतं, तेच करताना ते फसलं. अशा वाचक कोडची गोष्ट प्रिंटर सेवेसारखी नाही. तो बंद केला, तर त्या प्रकारच्या हल्ल्याबाबत सर्व्हर आंधळा होतो. तिथे वेळेवर अपडेट, कमीत कमी अधिकार आणि सर्व्हरला बाकी नेटवर्कपासून वेगळं ठेवणं हेच उपाय उरतात.

वेगळं ठेवण्याचं महत्त्व दिल्लीच्या एम्स रुग्णालयावरच्या नोव्हेंबर २०२२ मधल्या हल्ल्यात दिसलं. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट डेटा अडकला. नेटवर्कची नीट विभागणी नसल्यामुळे हल्लेखोरांना शिरकाव करता आल्याचं सरकारने संसदेत सांगितलं.

मग या सेवा चालूच का राहतात?

पहिलं कारण भीतीचं. सर्व्हर बसवणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो, आणि 'चालू आहे ना, मग हात लावू नका' ही कार्यालयांतली सर्वमान्य पद्धत आहे. दुसरं कारण मोजमापाचं. नवं उपकरण घेतलं तर खरेदीची फाइल दिसते, ऑडिटमध्ये ओळ वाढते. सेवा बंद केल्याने काय टळलं, हे कुणालाच दिसत नाही. तिसरं कारण पॅचवरच्या भरवशाचं. पण सिस्कोच्या प्रकरणात हल्ला आधी झाला आणि पॅच नंतर आला.

यातला एकही अडथळा तांत्रिक नाही. 'हे कशासाठी लागतं?' या प्रश्नाचं उत्तर देण्याची जबाबदारी कुणावर तरी सोपवली आणि त्यासाठी वर्षातले दोन दिवस दिले, तर बराच फरक पडू शकतो.

घरातल्या कॅमेऱ्याचं काय?

सर्व्हर सगळ्यांकडे नसतो, पण पहारा देणारा एक छोटा संगणक आता अनेक घरांत आणि दुकानांत आहे: सीसीटीव्ही. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या मालवेअरने अशाच कॅमेऱ्यांवर आणि राउटरवर ताबा मिळवला होता. त्यावर टेलनेट ही जुनी सेवा उघडी होती आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदलला नव्हता. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या उपकरणांच्या फौजेने डिन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटरसह अनेक मोठ्या वेबसाइट काही तास अडखळल्या.

भारतात एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना विक्रीआधी सरकारमान्य प्रयोगशाळेत सुरक्षा चाचणी बंधनकारक झाली आहे. पण आधीच भिंतीवर बसलेल्या कॅमेऱ्यांना त्याचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी राउटर आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तीन गोष्टी पाहता येतात: टेलनेट चालू आहे का, बाहेरून राउटर हाताळण्याचा पर्याय उघडा आहे का, आणि यूपीएनपी, म्हणजे उपकरणांना स्वतःहून दारं उघडू देणारी सोय, खरंच लागते का. यूपीएनपी बंद केल्यावर काही ऑनलाइन गेम किंवा बाहेरून कॅमेरा पाहणं अडू शकतं. तसं झालं, तर ती सोय परत चालू करायची की दुसरा मार्ग शोधायचा, हे निदान विचार करून ठरवता येतं. पासवर्ड बदललेला नसेल, तर त्याच बैठकीत तोही बदलून घ्यावा.